तळघरातलं भूत आणि समोरचं कोर्ट

लंडनला ऑनसाइट जाऊन तीन महिने झाले होते. एका शुक्रवारी टीममधला एक गोरा सहकारी म्हणाला, "चल, आज तुला भुताच्या पबमध्ये नेतो." आता मी पडलो पुणेकर. 'काका, मला वाचवा' ऐकायला शनिवारवाड्याबाहेर रात्री उभं राहून डास चावून घेतलेला माणूस. आमचं भूत कसं, नाव-गाव-तारखेसकट: नारायणराव पेशवे, वय १८, ३० ऑगस्ट १७७३. म्हटलं बघू तरी, यांचं कसं असतं.

पबचं नाव व्हायाडक्ट टॅव्हर्न. समोरच ओल्ड बेली, म्हणजे लंडनचं ते सुप्रसिद्ध फौजदारी कोर्ट. पब १८६९ चा. त्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाने शेजारच्या होबर्न व्हायाडक्टचं उद्घाटन केलं, त्यावरून हे नाव. आत गेल्यावर भूत वगैरे विसरायलाच होतं. भिंतीवर तीन बायकांची मोठी चित्रं, त्यातल्या एकीला पहिल्या महायुद्धातल्या कुणा सैनिकाने भोक पाडलं म्हणे. मागच्या बाजूला एक छोटी नक्षीदार केबिन. पूर्वी तिथे पैसे भरून टोकन घ्यायचं आणि ते बारवर देऊन दारू घ्यायची, कारण बारवाल्यांच्या हातात रोकड द्यायची मालकाला भीती. थोडक्यात, आपल्या उडप्याची कूपन सिस्टिम!

गर्दी कमी होती म्हणून बारवाल्याने तळघर दाखवलं. अरुंद जिना, गारठा, विटांच्या बुटक्या खोल्या, बिअरची पिंपं. सहकाऱ्याने आवाज खाली आणून सांगितलं की या न्यूगेट तुरुंगाच्या कोठड्या. १९९६ साली म्हणे इथला मॅनेजर खाली साफसफाई करत असताना दार आपोआप बंद झालं, दिवे गेले, आणि आतून दार काही केल्या उघडेना. बाहेरून मात्र सहज उघडलं.

खरं सांगतो, दोन मिनिटं माझीही टरकली होती. पण वर येऊन पहिला घोट घेतला आणि डोक्यातला डीबगर सुरू झाला. न्यूगेट तुरुंग होता रस्त्याच्या पलीकडे. तो १९०२ पासून पाडला आणि त्याच जागी १९०७ मध्ये आजचं ओल्ड बेली उभं राहिलं. मग त्याच्या कोठड्या रस्ता ओलांडून इकडे कशा आल्या? अलीकडच्या बाजूला गिल्टस्पर स्ट्रीट कॉम्प्टर नावाचा वेगळा तुरुंग होता, मुख्यतः कर्जबुडव्यांचा. तो १७९१ चा, १८५३ मध्ये बंद झाला आणि थोड्याच दिवसांत जमीनदोस्त. त्यानंतर चौदा-पंधरा वर्षांनी हा पब. मला तरी त्या खोल्या पिंपं थंड राहावीत म्हणून बांधलेल्या वाटल्या.

गंमत अशी की खरी भीतीदायक गोष्ट तळघरात नाहीच. ती खिडकीतून दिसते. १७८३ पासून १८६८ पर्यंत समोरच्या रस्त्यावर उघड्यावर फाशी देत. हजारो लोक बघायला यायचे, समोरच्या घरांच्या आणि दारूच्या गुत्त्यांच्या खिडक्या भाड्याने जायच्या. १८०७ मध्ये अशाच एका फाशीच्या वेळी चेंगराचेंगरी होऊन बघायला आलेलेच तीसेक जण मेले. तरी गर्दी आटली नाही. १८४० च्या एका फाशीला डिकन्स आणि थॅकरे दोघेही हजर होते. शेवटची जाहीर फाशी २६ मे १८६८ ला मायकल बॅरेट या आयरिश माणसाला. त्यानंतर वर्षभराने हा पब उघडला, म्हणजे भाड्याच्या खिडकीचा धंदा याच्या नशिबी आलाच नाही.

गिल्टस्पर स्ट्रीट ओलांडली की सेंट सेपल्करचं चर्च. तिथे काचेच्या पेटीत एक हातातली घंटा ठेवलेली आहे. फाशीच्या आदल्या मध्यरात्री ती कैद्याच्या कोठडीबाहेर वाजवायची, त्याला पश्चात्ताप व्हावा म्हणून! १६०५ मध्ये एका व्यापाऱ्याने त्यासाठी चक्क ५० पौंडांची देणगी दिली होती. झोप उडवायची सोय, तीही धर्मादाय.

आणि नावं? तळघरातल्या भुताला नाव नाही. पण ओल्ड बेलीतल्या १६७४ ते १९१३ पर्यंतच्या जवळजवळ दोन लाख खटल्यांचे वृत्तांत इंटरनेटवर आहेत, फुकट, सर्चसकट. सहकारी दुसरा राउंड आणायला गेला तेव्हा मी फोनवर 'धिंग्रा' एवढंच टाइप केलं.

मदनलाल धिंग्रा. युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकणारा पोरगा. १ जुलै १९०९ ला त्याने कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. पाच तारखेच्या निषेधसभेत ठरावाला विरोध करायला उभे राहिलेले सावरकर शाळेत वाचले होते. पण २३ जुलैचा खटला इथे, समोरच्या इमारतीत चालला, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. वकील नाही, कोर्टाचा अधिकारच मान्य नाही, एका दिवसात निकाल. १७ ऑगस्टला पेंटनव्हिल तुरुंगात फाशी. अवशेष भारतात आले ते १९७६ मध्ये.

वृत्तांतात त्याचं नाव 'मदार लाल' असं पडलंय. वय २५, विद्यार्थी. जवळजवळ दोनशे चाळीस वर्षांचा डेटा जपला आणि नेमकी इथे टायपो. वायलीला वाचवायला धावलेले पारशी डॉक्टर कावस लालकाका हेही त्याच रात्री मेले, आणि त्यांचा धडा आम्हाला तरी शाळेत नव्हता.

सहकारी ग्लास घेऊन आला. "काय, दिसलं का भूत?" मी फोन त्याच्याकडे सरकवला. त्याने शांतपणे सगळं वाचलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो लालकाकांबद्दल. त्यांच्यावरून धिंग्रा, धिंग्रावरून सावरकर, असं करत शेवटची ट्यूब जवळजवळ चुकलीच.