लंडनच्या बसमधील जिना आणि हृदयविकाराचे कोडे

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये जुने संसर्गजन्य रोग आटोक्यात येऊ लागले असताना, ऐन कर्त्या वयातील पुरुष हृदयविकाराच्या झटक्याने दगावण्याचे प्रमाण मात्र वाढत चालले होते. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्यांच्या भित्तींत मेदाचे थर साचतात, त्यामुळे त्या अरुंद होतात आणि अशा ठिकाणी रक्ताची गुठळी होऊन प्रवाह थांबला की स्नायूचा तेवढा भाग मरतो, एवढे वैद्यकाला ठाऊक होते. परंतु हा प्रसंग कोणावर येतो आणि कोण त्यातून सुटतो, याचे उत्तर शवविच्छेदनाच्या टेबलावर मिळण्यासारखे नव्हते. ते शोधण्याचे काम जेरेमाया मॉरिस या डॉक्टरने हाती घेतले. वैद्यकीय संशोधन परिषदेने १९४८ मध्ये स्थापन केलेल्या सामाजिक वैद्यक विभागाची सूत्रे त्यांच्याकडे होती.

मॉरिस यांनी प्रथम लंडन हॉस्पिटलमधील १९०७ ते १९४९ या काळातील शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि १९५१ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. धमन्यांत मेद साचण्याचे प्रमाण या चार दशकांत वाढलेले नव्हते, तरीही हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढले होते. याचा अर्थ असा की, केवळ धमनीच्या दोषाने या वाढीचा उलगडा होत नव्हता आणि माणसांच्या बदलत्या राहणीकडे पाहणे भाग होते. व्यक्तीऐवजी समूहाकडे पाहून रोग कोणाला, कोठे आणि किती प्रमाणात होतो हे मोजणारे शास्त्र म्हणजे साथरोगशास्त्र; तोवर मुख्यतः साथींसाठी वापरले जाणारे हे शास्त्र मॉरिस यांनी हृदयविकाराला लावले.

त्यासाठी निवडलेल्या व्यवसायांपैकी सर्वांत फलदायी ठरला तो लंडनच्या दुमजली बसचा. ड्रायव्हर पुढच्या बंदिस्त केबिनमध्ये पाळीचा बहुतेक सगळा वेळ बसून असे, तर त्याच बसचा कंडक्टर लाकडी पट्टीत खोचलेली रंगीत तिकिटे आणि तिकिटाला भोक पाडताना घंटीचा नाद करणारे पंचयंत्र सांभाळत, हलत्या गाडीत तोल सावरत, खालचा मजला संपवून जिन्याने वर जाई आणि पुन्हा खाली येई. मॉरिस यांच्या सहकाऱ्यांनी बसमध्ये बसून या पायऱ्या मोजल्या, तेव्हा एका दिवसाच्या पाळीत त्या सुमारे ५०० ते ७५० भरल्या. मुंबईत १९३७ पासून धावलेल्या ‘बेस्ट’च्या दुमजली बस आठवणाऱ्या वाचकाला हे कष्ट वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच संस्थेचे नोकर, एकाच शहराचे रहिवासी आणि साधारण सारख्याच सामाजिक थरातले असल्यामुळे, कामातील हालचालीचा फरक येथे जितका स्वच्छ दिसत होता तितका प्रयोगशाळेतही क्वचितच साधला असता.

वाहतूक सेवेतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० पुरुषांच्या नोंदींवरून निघालेले निष्कर्ष १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दर हजारी वर्षाला ड्रायव्हरांमध्ये करोनरी विकाराचे २.७ नवे रुग्ण आढळले, तर कंडक्टरांमध्ये १.९; शिवाय कंडक्टरांना हा विकार झालाच, तर तो उशिरा होई आणि कमी घातक ठरे. चालत वा सायकलवरून पत्रे वाटणारे पोस्टमन आणि टपाल खात्यातील बैठ्या कामाचे कर्मचारी यांच्या तुलनेतही हाच कल दिसला.

या संशोधनाचे खरे मोल मात्र पुढच्या वर्षांत उमगते, कारण मॉरिस यांनी स्वतःच्या निष्कर्षावरच शंका घेतली. कदाचित मुळातच स्थूल माणसे ड्रायव्हरची नोकरी पत्करत असतील आणि दोष बसण्याचा नसून निवडीचा असेल, असा हा आक्षेप होता. त्याच्या तपासणीसाठी त्यांनी गणवेशाच्या नोंदी मागवल्या आणि पँटच्या कमरेची मापे ताडून पाहिली. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या, अगदी तरुण वयातही. १९५६ मध्ये त्यांनी हे मोकळेपणाने प्रसिद्ध केले. तथापि सडपातळ ड्रायव्हर आणि सडपातळ कंडक्टर यांची तुलना केली, तरी आकस्मिक मृत्यूंमधील फरक उरतच होता. पुढे १९६६ च्या अहवालात ड्रायव्हरांचा रक्तदाब आणि रक्तातील कोलेस्टेरॉलही जास्त आढळले, आणि हृदयविकाराला एकच कारण नसते, अनेक धोके एकमेकांत गुंतलेले असतात, हे स्पष्ट झाले. हाती आलेला आकर्षक निष्कर्ष असा परीक्षेला लावण्याचे धैर्य संशोधनात दुर्मीळ असते, म्हणून पँटच्या मापांचा हा अभ्यास जिन्याच्या अभ्यासाहून थोर मानावा लागतो.

अंगमेहनतीची कामे कमी होत जाणार, हे ओळखून मॉरिस नंतर फावल्या वेळातील व्यायामाकडे वळले. सुमारे १७,००० सरकारी अधिकाऱ्यांच्या १९७३ मधील अभ्यासात, जोमदार व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे एक तृतीयांश असल्याचे दिसले. खुद्द लंडनच्या नियमित सेवेतील शेवटची जुनी दुमजली रूटमास्टर बस कंडक्टरसह ९ डिसेंबर २००५ रोजी धावली, आणि ज्या जिन्याने हे ज्ञान दिले, तो चढण्याची नोकरी जवळजवळ संपली.

कमरेच्या मापाचा धागा मात्र पुण्यापर्यंत पोहोचतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के निघाले, आणि ही तुलना २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाली. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही मेद दडलेला असू शकतो, आणि पोटाभोवती साठणारा मेद हृदयाला विशेष घातक असतो; त्यामुळे भारतीय पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर मानली जाते. वजनकाट्यावर समाधान न मानता प्रत्येक प्रौढ वाचकाने मोजपट्टीने आपली कंबर एकदा मोजावी, रक्तदाब तपासून घ्यावा आणि जेथे जिना आहे तेथे लिफ्टची वाट पाहू नये.