काटा खरे बोलतो का?

आमच्या ओळखीच्या एका ट्रकमालकाची जुनी गाडी घाटात गरम झाली. बॉनेटखालून वाफ येत होती, पण समोरच्या मीटरचा काटा निवांत मधोमध होता. ड्रायव्हरने काट्यावर विसंबून गाडी रेटली आणि इंजिनचे हेड वाकले. 'मीटर खोटे,' असे म्हणून मालक नवे मीटर आणायला निघाले. आम्ही विचारले, खोटे कशावरून? ते ठरवायला मीटरपेक्षा भरवशाचे काहीतरी हाताशी हवे. ते कुठून आणायचे?

तापमापकांच्या इतिहासाची सुरुवातच या प्रश्नाने होते. सतराव्या शतकात काचेच्या नळ्या तयार झाल्या, पण त्यांवरच्या खुणा ज्याच्या त्याच्या. कुणी खोल तळघरातली थंडी ठरावीक मानली, तर कुणी लोणी वितळते तो क्षण. 1702 च्या सुमारास फ्रान्समध्ये आमोंताँ यांनी सांगितले, की पाणी उकळू लागले की कितीही जाळ लावा, ते आणखी तापत नाही. खूण सापडली असे वाटले. पण 1724 साली फॅरनहाइट यांनी दाखवले, की हवेचा दाब बदलला की उकळण्याचे तापमानही बदलते. सेल्सिअस यांनी 1742 साली आपली मोजपट्टी मांडली तेव्हा हवेच्या दाबाची अट घातली. (गंमत म्हणजे त्यांच्या पट्टीवर उकळते पाणी 0 वर आणि गोठणारे 100 वर होते!)

तरी घोळ संपला नाही. एकाच भांड्यातले उकळते पाणी सगळीकडे सारखे गरम नसते. अखेर लंडनच्या रॉयल सोसायटीने कॅव्हेंडिश यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. 1777 सालच्या अहवालात तिने सुचवले, की वरची खूण करताना तापमापक पाण्यात बुडवू नका, वाफेत धरा आणि दाब ठरलेला ठेवा.

यात एक पेच आहे. पाणी ठरावीक तापमानाला उकळते हे आपल्याला तापमापकाने सांगितले. आणि तापमापक बरोबर आहे हे उकळत्या पाण्याने! हा पेच एका प्रयोगाने सुटला नाही. अनेक उपकरणे एकमेकांशी ताडून पाहत, चुका दुरुस्त करत भरवसा हळूहळू वाढत गेला.

आता ट्रककडे येऊ. जुन्या अनेक गाड्यांच्या मीटरला बारीक नळी असते आणि तिच्या टोकाची धातूची कुपी इंजिनच्या पाण्यात बसवलेली असते. कुपीत ईथरसारखा चटकन वाफ होणारा द्रव असतो. तो तापला की वाफेचा दाब वाढतो, मीटरमधली वाकडी नळी सरळ होऊ पाहते आणि काटा सरकतो. ही वाकडी नळी फ्रान्सच्या बूर्दाँ यांची, 1849 सालची.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर आम्ही कुपी बाहेर काढली. (गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.) पातेल्यातल्या पाण्यात कुपी आणि प्रयोगशाळेतला तापमापक शेजारी शेजारी, तळाला न टेकवता धरले. पाणी उकळले तेव्हा तापमापक 98 अंशांवर थांबला. आम्ही पुण्यात होतो. समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर एवढेच अपेक्षित. महाबळेश्वरला तो साडेपंच्याण्णवच्या आसपास थांबला असता. मग पाणी ढवळत निववले आणि 90, 80, 70 अंशांना काटा पाहिला. प्रत्येक वेळी तो जिथे असायला हवा तिथेच होता.

मीटर खरे होते! मग घाटात काय झाले? रबरी होज फुटून पाणी गळून गेले होते आणि कुपी हवेच्या पोकळीत उघडी पडली होती. पाण्याने किंवा वाफेने नीट वेढलेली कुपी चटकन तापते. कोंडलेल्या हवेतली तशी तापत नाही. कोणताही तापमापक शेवटी स्वतःचेच तापमान सांगतो. त्याच्याभोवती काय आहे, हे आपणच पाहायचे असते.

वर्गात हा प्रयोग करायला ट्रक लागत नाही. दोन तापमापक, एक पातेले आणि आपल्या गावाची उंची पुरते. मुलांना आधी अंदाज करू द्या. पाणी 100 वर उकळले नाही, की प्रश्न आपोआप सुरू होतील.