दसरा काढण्याची चाल आणि माळ्यावरचे दप्तर

भाद्रपद वद्य प्रतिपदा उजाडली की देशावरच्या खेड्यांत घरोघर एकच गडबड सुरू होते. घटस्थापनेला पंधरवडा उरलेला असतो आणि तेवढ्यात घराचा कोपरा न् कोपरा रिकामा व्हायचा असतो. सातारा, सांगली, सोलापूर या भागांत या कामाला ‘दसरा काढणे’ असे म्हणतात. शब्द मोठा नेमका आहे. दसरा येतो आश्विन शुद्ध दशमीला. पण तो ‘काढायचा’ असतो घट बसण्यापूर्वी, आणि काढायचा म्हणजे घरात जे जे आहे ते बाहेर काढायचे. कोकणात हीच झाडलोट गणेशचतुर्थीच्या आधी होते, आणि शहरांत ती दिवाळीच्या तोंडावर गेली आहे. ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार पार पडत असताना या जुन्या चालीकडे वळून पाहणे अप्रस्तुत होणार नाही. गावाने देवळाचे जे काम एका पिढीत एकदा केले, ते घराघरांतील बायकांनी आपापल्या घराचे दर वर्षी केलेले आहे.

हा काळ कोणी पंचांग पाहून ठरविला असेल असे वाटत नाही. तो शेतीने आणि पावसाने ठरविला. चार महिन्यांच्या पावसात मातीच्या भिंती ओल धरतात, धाब्याची माती झिरपते, चुलीचा धूर बाहेर न पडता तुळयांवर काजळीचे थर चढवितो. अंथरुणाला कुबट वास येतो, त्यात पिसवा आणि ढेकूण होतात. बळदात अगर कणगीत तळाशी राहिलेल्या धान्याला टोके व सोंडे लागतात. उलट थोड्याच दिवसांत नवी बाजरी घरात यायची असते, आणि किडक्या दाण्यांवर नवे धान्य ओतले तर नव्याचीही माती होते. तेव्हा उघडीप मिळताच बळद रिकामे करायचे, आतून झाडून सारवायचे, वाळवायचे आणि धान्यात कडुनिंबाचा पाला किंवा राख घालायची, हा संसाराचा हिशेबच होता. त्याला सणाची मुदत जोडली गेल्यामुळे तो चुकला नाही, एवढेच. मुदत नसलेले काम खेड्यात काय आणि शहरात काय, पुढेच ढकलले जाते.

काम वरून खाली चाले. आधी माळा, मग आढे व तुळया यांवरील जळमटे, मग फडताळे व कोनाडे, सर्वांत शेवटी जमीन. भिंतींना पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात, खालच्या पट्ट्याला गेरू अगर काव, जमिनीला शेणाचे सारवण. पितळेची भांडी चिंच आणि राख लावून अंगणात घासली जात. कल्हई उडालेली भांडी कल्हईवाल्याकडे जात आणि तो नवसागर टाकून कथलाचा हात फिरवी. परंतु साऱ्यांत अवघड काम धुण्याचे. घरातील प्रत्येक वाकळ, घोंगडी, गोधडी, झूल बैलगाडीत घालून ओढ्यावर अगर नदीवर न्यायची. भिजलेली वाकळ दोन बायकांना पिळवत नाही. ती दगडावर आपटायची, काठाच्या खडकावर पसरायची आणि सांजेला वाळून कडक झालेली परत आणायची. घट बसल्यावर अनेक घरांत असे मोठे धुणे काढीत नाहीत व सामान हलवीत नाहीत. म्हणून अमावस्येच्या आत सारे उरकावे लागे. देणगीदारांच्या यादीत या श्रमाला रकाना नसतो. तो कोणत्याच गावाच्या यादीत नसतो.

या कामात सारे गाव गुंतलेले असे. घट कुंभाराचा, सुपे आणि टोपल्या बुरुडाच्या, भट्टीचे कपडे परटाकडे, दोर आणि शिंदीच्या पानांची केरसुणी मातंग समाजाची. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या केरसुणीला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहायचे, आणि ती वळणाऱ्याला मात्र देवळाची पायरी चढू द्यायची नाही, अशी रीत आपल्या गावोगावच्या देवळांत पिढ्यान्पिढ्या चालली. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत ही गोष्ट वगळण्याची पद्धत आहे, पण घरे झाडण्याचा इतिहास सांगायचा आणि झाडू कोणी केला हे सांगायचे नाही, हे बरे नव्हे. परीट घराण्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) तर हा झाडू स्वतःच हाती घेतला. गावात आले की दिवसा रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, हा त्यांचा परिपाठ होता.

आपल्या हातांनी दसरा काढणे वेगळे आणि दुसऱ्याने घर रिकामे करणे वेगळे, हे महाराष्ट्राला १८९७ साली कळले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग दिसून आला व पुढे तो पुण्यात आणि खेड्यांत पसरला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात गोऱ्या सोजिरांकडून घरझडती सुरू झाली. सामान रस्त्यावर आले, अंथरुणे-पांघरुणे जाळली गेली, भिंतींना सक्तीने चुना लागला. कामे पाहावी तर बरीचशी तीच होती, जी बायका दर भाद्रपदात करीत: घर मोकळे करणे, ऊन देणे, चुना लावणे. पण बूट घालून देवघरात शिरणारा शिपाई आणि वाकळा नदीवर नेणारी घरची सून यांत जे अंतर आहे, त्यामुळे शहर पेटून उठले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड याच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे प्लेग माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये दाखविले. शास्त्रज्ञांनी ते सर्वत्र मान्य करायला आणखी काही वर्षे गेली. बळदाचा तळ झाडणे आणि वाकळा उन्हात घालणे यांनी उंदीर व पिसवा दोन्ही कमी होतात, हे मात्र खेड्यातील बाईला कारण ठाऊक नसताही ठाऊक होते.

१९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि पाठीवर पंप घेतलेले फवारणीवाले डीडीटी मारीत खेड्यांतून हिंडू लागले. फवारलेल्या भिंती सारवू नयेत, चुना लावू नये, नाही तर औषध झाकले जाते, अशी त्यांची सूचना असे. सण तोंडावर आला असताना भिंती तशाच डागाळलेल्या ठेवायच्या, हे कोणत्या घराला पटणार? ठिकठिकाणी औषधावर सारवण चढले. पुढे १९७२ च्या दुष्काळात प्रश्न उलटाच आला. ओढे-विहिरी आटल्या, जिथे प्यायला पाणी नाही तिथे वाकळा कशात बुडवायच्या? शहाबादी फरशी, सिमेंटचा कोबा, गॅसची शेगडी आणि लोखंडी कपाट आल्यावर सारवण गेले, काजळी गेली, बळदेही गेली. आता वाकळ कोणी ओढ्यावर नेत नाही.

मात्र दसरा काढताना एक काम पूर्वी जसे अवघड होते तसेच आजही आहे, किंबहुना जास्त अवघड झाले आहे. माळ्यावरून जे खाली येते त्यातले ठेवायचे काय आणि टाकायचे काय?

जुन्या घरांत माळ्यावर, फडताळात किंवा पाटी-पेटाऱ्यात कापडात बांधलेले एक गाठोडे असते. त्याला दप्तर म्हणत, आणि बांधायच्या कापडावरून ‘रुमाल’ही म्हणत. ते इतक्या जपणुकीने का ठेवले गेले याला कारण आहे. इंग्रजी राज्यात इनाम कमिशन बसले व १८५२ च्या कायद्याने त्याला मोठे अधिकार मिळाले. जमीन इनाम आहे तर सनद दाखवा, असा प्रश्न दारात येऊन उभा राहिला. ज्यांना कागद दाखविता आला नाही त्यांच्या जमिनींवर सारा बसला. त्यानंतर पुढची शंभर वर्षे पाटील, कुलकर्णी, गुरव, पुजारी यांच्या घरांत कागद हा सोन्याइतका जपला गेला. सनदा, महजर, देवस्थानच्या नैवेद्याचे व दिवाबत्तीचे हिशेब, वाटणीपत्रे, सारे मोडीत. मग १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली, १९५२ च्या कायद्याने वैयक्तिक इनामे गेली. देवस्थान इनामे राहिली, पण घराघरांतील कागदाची धास्ती संपली. त्याच सुमारास मोडी शाळेतून व व्यवहारातून उठली. कागदाचे कामही उरले नाही आणि वाचणाराही उरला नाही. तेव्हा दसरा काढताना गाठोडे खाली आले की ते वाळवीने खाल्लेले पाहून नदीत सोडायचे, बंबात घालायचे, नाही तर रद्दीत द्यायचे, असे गावोगाव झाले. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. पवित्र असेल म्हणून विसर्जन केले आणि निरुपयोगी असेल म्हणून जाळले, परिणाम एकच.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) हे आयुष्यभर अशाच माळ्यांच्या मागे हिंडले. वाईस त्यांच्या हाती जे कागद लागले त्यांवरून पानिपतच्या मोहिमेची पत्रे उजेडात आली, आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. पुढे असे बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. एखाद्या वर्षी वाईच्या त्या घरातील मंडळींनी दसरा जरा अधिक कसोशीने काढला असता, तर पानिपताविषयी महाराष्ट्राला कितीतरी कमी कळले असते.

कागदाचे जे, तेच तांब्या-पितळेचे आणि दगडाचे. ताम्रपट भंगारवाल्याच्या तराजूत मोडीचे तांबेच ठरतो. देवळाच्या जुन्या घंटेवर, समईवर, परातीवर देणाऱ्याचे नाव व शक कोरलेला असतो, आणि चिंच-राखेने वर्षानुवर्षे घासून तो पुसट होतो. आता तर यंत्राने चकचकी आणतात, त्यात उरलेले अक्षरही जाते. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रातील देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हे साल आहे, आणि वाईजवळ मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूसह मेरीची आकृती आहे. ही अक्षरे व आकृती शिल्लक राहिल्या म्हणून घंटा कुठून आली ते सांगता येते. देवळाच्या आवारातील वीरगळ, सतीशिळा, झिजलेली द्वारशाखा, उतरवून ठेवलेला जुना लाकडी खांब यांचेही असेच. जीर्णोद्धाराच्या कामात ती ‘अडगळ’ म्हणून पायात भरली गेल्याची उदाहरणे महाराष्ट्रात थोडीथोडकी नाहीत. वीरगळाला ऑइलपेंट फासला तर त्यावरील लढाईचा देखावा रंगाखाली बुजतो, आणि शेंदूर फासला तर काही वर्षांनी तो कोणता देव आहे याबद्दल वाद सुरू होतात.

जुन्या चांगल्या घरांत याची रीत ठरलेली होती. झाडलोटीच्या दिवसांत दप्तर माळ्यावरून खाली येई, पण ते ओसरीवर सावलीत उलगडले जाई. भर उन्हात जुना कागद तडकतो. वाळवी व कसर कोरड्या फडक्याने झटकायची, ओले फडके लावायचे नाही, गाठोड्यात वेखंडाची पूड घालायची आणि नव्या धुतलेल्या कापडात बांधायचे. दसऱ्याला पाटी, पोथी आणि वह्या यांच्या पूजेत तेही मांडले जाई, नंतर पुन्हा माळ्यावर. घरात कोणाला मोडी वाचता येत नसली तरी वाचणारे आजही आहेत. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राजवाड्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावाने धुळ्यास निघालेले संशोधन मंडळ, या दोन्ही ठिकाणी असे कागद जपून ठेवलेले आहेत.