भोपाळ घोषणापत्र (2002)

दलित व आदिवासींना सरकारी नोकरीपलीकडे जमीन, भांडवल, व्यापार आणि खासगी उद्योगांतही वाटा हवा, असे मांडणारा 21 कलमी जाहीरनामा. 12 व 13 जानेवारी 2002 रोजी भोपाळमध्ये भरलेल्या परिषदेत तो संमत झाला. मध्य प्रदेशचे तत्कालीन मुख्यमंत्री दिग्विजय सिंह यांच्या सरकारने परिषद भरवली होती. वैचारिक मांडणीत पत्रकार-विचारवंत चंद्रभान प्रसाद पुढे होते.

1991 च्या आर्थिक उदारीकरणानंतर चांगल्या पगाराच्या नव्या जागा प्रामुख्याने खासगी क्षेत्रात निघू लागल्या. राखीव जागांची तरतूद तिथे लागू नाही. तिथली भरती बरीचशी ओळखीपाळखीतून होते आणि मुलाखतीत घरची चौकशी होते: वडील काय करतात, भावंडे किती शिकली. घरातल्या पहिल्याच पदवीधराला हा प्रश्न जड जातो, कारण त्याच्या गुणांशी या चौकशीचा काही संबंध नसतो. मुलाखतीआधीची चाळणी आणखी कठोर आहे. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे, फक्त नावे वेगळी असलेले अर्ज खासगी कंपन्यांकडे पाठवले. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सवर्ण हिंदू नावांच्या तुलनेत दलित नावांना बोलावणे येण्याची संधी सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लिम नावांना एक-तृतीयांश आढळली.

खासगी क्षेत्रातल्या अशा अडथळ्यांवर घोषणापत्राने 2002 मध्येच सुचवलेला उपाय अमेरिकेतल्या अनुभवावरून घेतला होता: सरकार व कंपन्या जो माल विकत घेतात, त्यातला ठरावीक हिस्सा वंचित समाजांतल्या उद्योजकांकडून घ्यावा. मध्य प्रदेश सरकारने आपल्या खरेदीत 30 टक्के हिस्सा ठेवण्याचे धोरण आखले. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी 25 जानेवारी 2002 च्या भाषणात घोषणापत्राची आवर्जून दखल घेतली.

नोकरी मागणाऱ्याने नोकरी देणारा व्हावे, ही दृष्टी मोलाची होती. मात्र पुरवठादार होण्यासाठीही तारण, पत आणि ओळखी लागतात. नेमक्या त्याच गरीब घरात नसतात. ही अडचण खरेदीतल्या टक्केवारीने सुटत नाही. 2005 मध्ये मिलिंद कांबळे यांनी पुण्यात स्थापन केलेल्या दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्रीने (डिक्की) उद्योजकतेची हीच वाट पुढे नेली. केंद्र सरकारच्या 2012 च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी 4 टक्के हिस्सा ठरला. हे धोरण केंद्रीय मंत्रालये, खाती व सार्वजनिक उपक्रमांपुरते आहे; खासगी कंपन्यांना ते लागू नाही.