'वतन' या शब्दाचा हिशेब

आर्थिक धोरण लोकांच्या गळी उतरते ते आधी शब्दातून. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे शब्दच ठरवून टाकतो. महार वतनाचा इतिहास वाचताना मला हे पदोपदी जाणवते.

१८७४ च्या वतन कायद्याने गावकामगारांच्या वंशपरंपरागत चाकरीला कायद्याचे कुंपण घातले. मोबदला काय, तर जमिनीचा तुकडा आणि गावचे बलुते. त्यापायी सारे कुटुंब रात्रंदिवस राबे. पण नाव 'वतन'! त्या नावाने वेठीला मिरासीची कळा आली. आपण महारांना पोसतो असे गावाला वाटे. आणि आपल्यातल्याही कित्येकांना तो मान वाटे.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांनी आधी हा हिशेब उलटवला. ही मालमत्ता नव्हे, गुलामगिरी आहे. चाकरीला रोख मोबदला द्या, आणि ज्याला चाकरी नको त्याची जमीन पूर्ण साऱ्यावर मोकळी करा, ही त्यांची मागणी. विधेयक मागे घ्यावे लागले. वतने खालसा व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला.

आज बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातून कॉलेजला जाणारी आपली पोरे शिष्यवृत्ती घेतात, तर त्यांना 'सरकारचे जावई' म्हणतात. याच महाराष्ट्रात १९६४ पासून कारखानदारांना मिळणाऱ्या सवलतींचे नाव मात्र 'प्रोत्साहन'! तिजोरी एकच. म्हणून कार्यकर्त्यांनी अर्थसंकल्पातले आकडे वाचावेत, पण त्याआधी त्यांवरची नावे तपासावीत.