हवेतल्या स्वरांची साधना

वाद्य म्हटले की तार, पडदा, पट्टी किंवा चामडे असे काही तरी वादकाच्या हाताखाली असावे, अशी आपली समजूत असते. सतारीला पडदे असतात, पेटीला पट्ट्या असतात. सारंगी आणि व्हायोलिन ह्यांवर स्वरांच्या खुणा नसल्या, तरी बोटाला तारेचा आधार असतोच. परंतु विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात असे एक वाद्य पुढे आले, की ज्याला वादकाने हातच लावायचा नाही. त्याचे नाव थेरेमिन. विजेच्या साहाय्याने श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष वाजवण्याच्या अगदी आरंभीच्या वाद्यांत त्याची गणना होते. मात्र ते वाजवण्याची विद्या त्याच्याबरोबर जन्माला आली नाही. ती मागाहून एका स्त्रीने परिश्रमाने घडवली. त्या विद्येची ही कथा आहे.

लेव्ह तेर्मेन ह्या तरुण रशियन शास्त्रज्ञास १९२० च्या सुमारास पेत्रोग्राद येथील प्रयोगशाळेत वायूंच्या गुणधर्मांचे मापन करताना हे वाद्य सुचले. पश्चिमेकडे हे गृहस्थ लिऑन थेरेमिन ह्या नावाने प्रसिद्ध आहेत. वाद्याचे तत्त्व असे : पेटीत दोन विद्युत्-आंदोलक असतात. दोघांची कंपने इतकी जलद, की मनुष्याच्या कानास ती ऐकू येत नाहीत. एकाचा वेग स्थिर असतो. दुसऱ्याचा वेग उभ्या धातूच्या कांडीजवळ हात नेला की बदलतो. ह्या दोन वेगांतील जो फरक, तोच स्वर म्हणून कानी पडतो. उजवा हात कांडीजवळ जाईल तसा स्वर चढतो. डावा हात बाजूच्या आडव्या कड्याजवळ आला की आवाज लहान होतो आणि वर उचलला की मोठा होतो.

१९२२ मध्ये थेरेमिन ह्यांनी हे वाद्य लेनिन ह्यांना वाजवून दाखवले. १९२७ च्या अखेरीस ते अमेरिकेत आले आणि १९२९ मध्ये आर. सी. ए. ह्या रेडिओ कंपनीने ते वाद्य बाजारात आणले. ज्याला साधी चाल गुणगुणता येते त्याला हेही वाजवता येईल, अशा आशयाची तिची जाहिरात होती. लोकांनी वाद्य घरी नेले आणि हात हालवून पाहिला. निघाला तो कोल्हेकुईसारखा आवाज! सुमारे ५०० वाद्ये तयार झाली, पण धंदा काही जमला नाही. सोपे म्हणून विकलेले हे वाद्य वस्तुतः अतिशय कठीण होते.

ते कठीण आहे हे ओळखूनच ज्यांनी त्याला हात घातला, त्या क्लारा रॉकमोर. त्यांचा जन्म १९११ मध्ये व्हिल्नियस येथे झाला. अगदी बालवयात सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला आणि पुढे लिओपोल्ड आउअर ह्या थोर गुरूंकडे त्या व्हायोलिन शिकल्या. परंतु ऐन उमेदीत हाताच्या व्याधीमुळे व्हायोलिन कायमचे खाली ठेवावे लागले. ज्या कलावंताचे वाद्यच हिरावले गेले, त्याला स्पर्शाविना वाजणारे वाद्य न्यूयॉर्कमध्ये भेटले, हा योग विलक्षण म्हणावा लागेल.

त्यांनी व्हायोलिनची शिस्त हवेत नेली. सबंध हात मागेपुढे केला, तर प्रत्येक दोन स्वरांमध्ये घसीट ऐकू येते. आपल्या संगीतात मींड हे भूषण असले, तरी ती हवी तेथेच हवी. म्हणून त्यांनी आंगठा व तर्जनी जुळवून बाकीची बोटे क्रमाने उघडण्या-मिटण्याची पद्धती बसवली. जवळचे स्वर बोटांनी घ्यायचे, दूरच्या स्वरांसाठी हात हालवायचा आणि त्या क्षणी डाव्या हाताने आवाज दाबून घसीट झाकायची. आंदोलनही बोटांच्या नेमक्या थरथरीतून काढायचे. शरीर तर पुतळ्याप्रमाणे निश्चल हवे. कारण मान डोलावली, तरी स्वर ढळतो. तानेबरोबर हातवारे करणाऱ्या आपल्या गवयांना ही अट फारच जाचक वाटेल! आणि कांडीजवळ स्वरांमधील अंतर आकसत जाते, म्हणून डोळ्यांचा उपयोग नाही. सगळी भिस्त कानावर. तंबोऱ्यात कान मुरलेल्या माणसाला ह्याचे मर्म चटकन कळेल.

विद्या वाढली तेव्हा वाद्य अपुरे पडू लागले. क्लाराबाईंच्या सांगण्यावरून थेरेमिन ह्यांनी वाद्याचा पल्ला तीन सप्तकांवरून पाच सप्तकांपर्यंत नेला आणि तुटक स्वरही काढता यावेत म्हणून डाव्या हाताची यंत्रणा अधिक चपळ केली. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्यांचे वादन झाले. पुढे पॉल रॉब्सन ह्या विख्यात गायकाबरोबर त्यांनी दौरे केले. १९४५ मध्ये स्टोकोव्स्की ह्यांच्या नेतृत्वाखाली खास थेरेमिनसाठी रचलेली कृती त्यांनी वाद्यवृंदासह सादर केली. थेरेमिन स्वतः मात्र १९३८ मध्येच रशियात परतले होते आणि तेथे त्यांच्या वाट्याला बंदिवास आला.

ही परंपरा तेथेच खुंटली नाही. कुमारवयापासून थेरेमिन बांधणाऱ्या रॉबर्ट मूग ह्यांनी १९६४ मध्ये आपला सिंथेसायझर सिद्ध केला. तसेच एक मूग यंत्र १९६९ मध्ये, वडोदऱ्यापासून फार दूर नसलेल्या अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले आणि अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर ह्यांनी तेथे इलेक्ट्रॉनिक संगीताची कार्यशाळा उभारली. १९७७ मध्ये क्लाराबाईंची थेरेमिनवादनाची ध्वनिमुद्रिका निघाली, तीही मूग ह्यांच्याच पुढाकाराने. क्लाराबाई १९९८ मध्ये निवर्तल्या.

आज विजेवर चालणारी वाद्ये घरोघरी आहेत आणि कळ दाबताच ताल व स्वर हजर होतात. त्यामुळे रियाजाची गरज संपली असे एखाद्या विद्यार्थ्यास वाटणे स्वाभाविक आहे. त्याला क्लाराबाईंची ही हकीकत अवश्य सांगावी. यंत्राने स्वर उत्पन्न केला हे खरे; परंतु तो सुरात लावण्यासाठी व्हायोलिनवर घडलेला कान आणि वर्षानुवर्षांची मेहनतच उपयोगी पडली.