बोनेटमधून ‘चींऽऽ’ आवाज येतोय? बेल्ट बदलण्याआधी एवढं तपासा

मे महिन्यातली सोलापूरची दुपार. पारा चाळीशीच्या पुढे. उन्हात तापलेली कार सुरू केली, एसीचं बटण दाबलं आणि बोनेटमधून ‘चींऽऽ’ असा आवाज आला. दोन-चार सेकंदांत तो थांबतोही, म्हणून बहुतेक जण विसरून जातात. आठवण येते ती पुण्याच्या वाटेवर, टेंभुर्णीच्या आसपास, डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि टेम्परेचरचा काटा वर सरकू लागला की.

हा आवाज बहुतेक वेळा ड्राइव्ह बेल्टचा असतो. गॅरेजमध्ये त्याला आजही ‘फॅन बेल्ट’ म्हणतात. अँबेसेडर, पद्मिनीच्या काळात हा पट्टा खरोखरच रेडिएटरचा पंखा फिरवायचा. आताच्या बहुतेक कारमध्ये पंखा विजेवर चालतो, पण नाव तेच राहिलं.

हा बेल्ट करतो काय?

यंत्रमागांच्या शहराला पट्ट्याचं काम वेगळं सांगायला नको. मोटर फिरते, पट्टा ती ताकद मागापर्यंत नेतो. पट्टा सैल पडला तर मोटर जोरात आणि माग मंद. कारमध्येही तसंच आहे. इंजिनच्या क्रँकशाफ्टची पुली या बेल्टला फिरवते आणि बेल्ट अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, अनेक गाड्यांत वॉटर पंप आणि जुन्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचा पंपही फिरवतो.

टायमिंग बेल्ट वेगळा. तो कॅमशाफ्ट फिरवतो आणि झाकणाच्या आत असतो. (1992 मध्ये सोलापुरात सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी हेच कॅमशाफ्ट बनवते.) काही इंजिनांत त्याच्या जागी चेन असते. ‘बेल्ट बदलला’ असं बिलावर असेल तर कोणता, हे जरूर विचारा.

आवाज ओळखायचा कसा?

लांब, कर्कश ‘चींऽऽ’ असेल आणि तो गाडी सुरू करताना, एसी लावताना किंवा एकदम रेस दिल्यावर येत असेल, तर बेल्ट घसरतोय. म्हणजे ताण कमी आहे, बेल्ट झिजलाय किंवा त्यावर ऑइल, कूलंट पडलंय. चिमणीसारखी तुटक ‘चिक-चिक’ असेल आणि इंजिनच्या वेगाबरोबर वाढत असेल, तर पुल्या एका रेषेत नसण्याची शक्यता जास्त. घरघर किंवा दळल्यासारखा आवाज मात्र बेल्टचा नसतोच. तिथे एखाद्या पुलीचं, अल्टरनेटरचं किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग गेलेलं असतं.

पहिल्या दोन आवाजांतला फरक कळत नसेल तर मेकॅनिक एक सोपी युक्ती करतात. इंजिन चालू ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूला स्प्रेच्या बाटलीने थोडंसं पाणी मारायचं. आवाज वाढला तर ताण कमी. आवाज थांबून थोड्या वेळाने परत आला तर पुलीची रेषा चुकलेली. पाणी अल्टरनेटरवर जाता कामा नये. ओढणी, पदर, सैल बाही आणि हात चालत्या बेल्टपासून लांब ठेवा. सवय नसेल तर हे काम गॅरेजमध्येच, पण आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या.

पावसाळ्यात पहिल्या सकाळी क्षणभर आवाज येऊन थांबला तर घाबरण्याचं कारण नाही, बेल्ट ओला असतो. रोज येऊ लागला तर दुर्लक्ष नको.

डोळ्यांना काय दिसतं?

इंजिन बंद, चावी काढलेली आणि गाडी थंड हवी. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. मग टॉर्च मारून बेल्टची आतली बाजू पाहा. तुटलेल्या कडा, बाहेर आलेले धागे, आरशासारखी चकाकी किंवा तेलकटपणा दिसला तर बेल्ट संपला.

पण बेल्टला चिरा नाहीत म्हणजे तो चांगला, हा समज आता जुना झाला. पूर्वीचे निओप्रिनचे बेल्ट म्हातारे झाले की चिरायचे. आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा चिरत नाहीत, टायरसारखे हळूहळू झिजतात. खाच खोल होते, पकड जाते, वरून मात्र बेल्ट ठीकठाक दिसतो. झीज मोजायला साधा प्लॅस्टिकचा गेज मिळतो.

जुन्या गाड्यांत ताण हाताने लावतात. दोन पुल्यांमधल्या लांब भागावर अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण एक सेंटीमीटर दबावा, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. नव्या गाड्यांत स्प्रिंगचा टेन्शनर आपोआप ताण ठेवतो. इंजिन चालू असताना त्याचा दांडा जोरात थडथडत असेल तर स्प्रिंग थकली आहे.

नवा बेल्टही ओरडतो, तेव्हा?

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. आवाज आला की बेल्ट बदलायचा, आठवड्यात पुन्हा आवाज, पुन्हा बेल्ट. दोष टेन्शनरचा किंवा बेअरिंगचा असेल तर कितीही बेल्ट बदलले तरी उपयोग नाही. म्हणून बेल्ट काढलाच आहे तर प्रत्येक पुली हाताने फिरवून बघायला सांगा. खरखर किंवा डुगडुग जाणवली तर तोच गुन्हेगार. बेल्ट काढून इंजिन काही सेकंद चालवल्यावरही आवाज राहिला, तर दोष इंजिनमध्येच शोधावा लागेल.

साबण, मेण किंवा बेल्टवर मारायचे स्प्रे टाळा. आवाज तात्पुरता दबतो आणि मूळ दोष झाकला जातो. बेल्ट गरजेपेक्षा जास्त आवळणंही वाईट, त्याने अल्टरनेटर आणि वॉटर पंपाची बेअरिंगं लवकर जातात.

वाटेत बेल्ट तुटला तर?

अल्टरनेटर थांबतो, बॅटरीचा दिवा लागतो. वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर कूलंट फिरायचं थांबतं आणि सोलापूरच्या उन्हात इंजिन तापायला वेळ लागत नाही. ‘पुढच्या गावापर्यंत नेऊ’ म्हणून गाडी रेटली तर हेड गॅस्केट जाऊ शकतं, आणि त्या कामापुढे बेल्टचा खर्च किरकोळ ठरतो. दिवा आणि काटा दोन्ही वर दिसले की गाडी रस्त्याच्या कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि ते पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू नका.